उभा राहिलेला जुना ट्रक सुरू करताना
टाटा-मर्सिडीज कराराच्या काळातला (१९५४ ते १९६९) लांब नाकाचा ट्रक जालना-बीडकडच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभा असेल, तर थेट स्टार्टर मारू नये. आधी टाकीच्या तळाचे बूच काढून साचलेले पाणी व गाळ वाहू द्यावा आणि डिझेल फिल्टर बदलावा. मग फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहावे. सुरुवातीला फेसाळ डिझेल येते, बुडबुडे थांबून सलग धार लागली की पंप मारतानाच स्क्रू आवळावा, कारण थोडी हवा राहिली तरी इंजिन काही क्षण चालून बंद पडते. (ही घाई आमच्या तीनदा अंगलट आली आहे.) रेडिएटरच्या जाळीतली काळ्या मातीची धूळ इंजिनाच्या बाजूने पाणी मारून काढावी. दुसरे इंजिन बसवायचे असल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आधी आरटीओची परवानगी घ्यावी.