अन्नछत्राच्या परसबागेला व्यापाऱ्याने पाठबळ कसे द्यावे

मराठवाड्यातील मोठ्या सरकारी दवाखान्यांत खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना दोन वेळचे जेवण परवडत नाही, आणि बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला निघून गेली की गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या चुलीची काळजी कोणी करावी, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. अशा लोकांसाठी चालणाऱ्या अन्नछत्राने स्वतःची परसबाग लावली, तर ताटात ताजी भाजी येते आणि रोजचा बाजारखर्चही उतरतो. मात्र बाग आणि स्वयंपाकघर ही दोन्ही वर्षभर चालवायची असतील, तर गावातल्या एखाद्या आडतीचे, डाळमिलचे किंवा कृषी सेवा केंद्राचे नियमित पाठबळ लागते. वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा ठरलेली थोडी मदत कितीतरी अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण भूक सणावारापुरती नसते आणि स्वयंपाकीणबाईंचा पगार दर महिन्याला द्यावाच लागतो.

मदत ठरवण्यापूर्वी एकदा भर दुपारी, जेवणाच्या वेळी, अन्नछत्रात जाऊन यावे. किती पाने उठतात म्हणजे किती जण जेवतात, पीठ कोठे साठवतात, पाणी कोठून येते, हे डोळ्यांनी पाहावे. धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडील नोंदणी आणि अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी या दोन्ही गोष्टी विचाराव्यात. विनामूल्य जेवण देणारी संस्थाही या कायद्याच्या व्याख्येत येते, हे अनेकांना ठाऊक नसते.

नंतर हिशेब मांडावा. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. मोठ्या माणसांसाठी त्यात थोडी वाढ केली, तर १०० पानांना सुमारे १८ किलो पीठ, ४ किलो डाळ आणि १० किलो भाजी लागते. एका गुंठ्यातून, सगळे जमून आले तरी, रोज दोन किलोपेक्षा जास्त भाजीची आशा धरू नये; म्हणजे १०० पानांसाठी पाच गुंठ्यांची तयारी हवी. हा आकडा आधीच समोर असला म्हणजे कोणाचा हिरमोड होत नाही.

लातूर हे तूरडाळीचे मोठे केंद्र आहे, आणि प्रत्येक डाळमिलमध्ये भरडताना तुकडा निघतो. हा तुकडा वरणाला अगदी चांगला असतो, लवकर शिजतो आणि बाजारात त्याला अख्ख्या डाळीपेक्षा कमी भाव येतो. देताना तो बारीक चाळणीवर घ्यावा. चाळणीखाली चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि टरफलाचा भुगा पडतो, तो जनावरांचा खुराक आहे आणि माणसांच्या पोत्यात जाता कामा नये. चाळणीवर राहिलेला तुकडा ताटात पसरून खडे आणि किडलेले दाणे निवडावेत, पोते कोरडे असावे आणि त्यावर तारीख घालावी. जो माल आपण आपल्या घरी शिजवणार नाही तो देऊ नये, एवढा एकच निकष पुरेसा आहे.

बागेच्या बाबतीत सर्वांत मोठी मदत पाण्याची असते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे भाजीची बाग लावताना आधी पाण्याचे गणित करावे आणि बी नंतर घ्यावे. एका गुंठ्याला हिवाळ्यात दिवसाला साधारण ४०० लिटर आणि उन्हाळ्यात जवळपास दुप्पट पाणी लागते. पाच गुंठ्यांना मे महिन्यात रोज ४,००० लिटर पाणी देणे बहुतेक गावांत शक्यही नसते आणि योग्यही नसते, कारण शेजारची वस्ती टँकरची वाट पाहत असते. म्हणून चैत्र लागला की बाग एका गुंठ्यावर आणावी, तेथे शेडनेटखाली पालक, कोथिंबीर एवढेच ठेवावे आणि बांधावर शेवगा व कढीपत्ता जगवावा. नेमक्या याच दिवसांत व्यापाऱ्याने भाजीचा खर्च उचलावा. दरमहा ५,००० रुपये देण्याची ऐपत असेल, तर हिवाळ्यात त्यातले ३,००० देऊन उरलेले उन्हाळ्यासाठी बाजूला ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ज्यांच्याकडे गोदाम आहे, त्यांनी पत्र्यावरचे पावसाचे पाणी द्यावे. २,००० चौरस फुटांच्या पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सुमारे १ लाख लिटर पाणी हाती येते. एवढे साठवणे शक्य नसते, म्हणून टाकी भरल्यावर उरलेले पाणी गाळून बागेच्या बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. ठिबकचा संच दिला, तर त्यासोबत गाळ अडवणारा फिल्टरही द्यावा. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षारही जास्त असतात आणि ते फिल्टरने अडत नाहीत. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमतो आणि ओळीतली अर्धी रोपे मान टाकतात तेव्हा कुठे ते ध्यानात येते. आठवड्यातून एकदा लॅटरलची, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची, शेवटची टोके उघडून पाणी जोरात सोडण्याचे काम दुकानातील एखाद्या कामगाराकडे नेमून दिले आणि क्षारांसाठी जाणकाराकडून अधूनमधून आम्लप्रक्रिया करून घेतली, तर संच बरीच वर्षे टिकतो.

पिकांच्या निवडीसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. भेंडीची ‘परभणी क्रांती’ ही जात याच विद्यापीठाची आहे. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून गादीवाफे (जमिनीपासून उंच केलेले वाफे) करावेत आणि त्यांवर सोयाबीनच्या भुसकटाचे आच्छादन घालावे. मेथी महिन्याभरात काढणीला येते, त्यामुळे तिच्यापासून सुरुवात केली की स्वयंपाकघराला बागेचा भरवसा वाटू लागतो.

लग्नसमारंभातील उरलेले अन्न पाठवण्याची पद्धत वाढते आहे, पण तेथे फार जपावे लागते. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिले नाही, तर आपल्या उन्हाळ्यात ते पाहता पाहता आंबते. मंगल कार्यालयाच्या मालकाने पंगत उठण्याची वाट न पाहता, पातेल्यातले न वाढलेले अन्न आधीच झाकून वेगळे काढावे. जेथे ही शिस्त पाळता येत नाही, तेथे कोरडा शिधा देणेच बरे.

हिशेबाच्या दोन बाबी आहेत. आयकरात देणगीबद्दल मिळणारी वजावट धान्यासारख्या वस्तुरूप देणगीला मिळत नाही आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीलाही मिळत नाही, म्हणून पैसे बँकेतून द्यावेत. दुकानातील पाइप किंवा टाकी फुकट दिली, तर तिच्यावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट, परत करावे लागते. आपल्या सीएंना आधी विचारावे.

राहिला नावाचा प्रश्न. दिलेल्या टाकीवर किंवा गोदामाच्या भिंतीवर दुकानाचे नाव लिहिण्यात काहीच गैर नाही, आणि त्यामुळे शेजारचा दुकानदारही पुढे येतो. जेवायला बसलेल्या माणसांचे फोटो मात्र काढू नयेत. मुलगा अतिदक्षता विभागात असलेल्या बापाला आपण जेवत असतानाचे चित्र गावभर फिरावे असे वाटत नाही. फोटो हवाच असेल, तर सकाळी बागेत जाऊन वाफ्यांचा काढावा, आणि गेल्यासारखे तासभर खुरपणीला बसावे.