अॅलेक्सा घेऊ का म्हणून विचारणाऱ्यांसाठी

2022 ला अॅलेक्सा 35 (अॅरी कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा) आली तेव्हापासून कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, जुनी अॅलेक्सा मिनी (त्याच कंपनीचा आधीचा छोटा कॅमेरा) स्वस्तात मिळतेय, घेऊ का. मी उलट विचारतो, गेल्या वर्षी तुझे शूटचे दिवस किती झाले? पैसे हातात आलेले दिवस, "होणारे" वाले नाही.

मग साधा भागाकार करायचा. समजा बॉडी, कार्डं, बॅटऱ्या, मॅट बॉक्स (लेन्ससमोर नको तो उजेड अडवणारी चौकट), मॉनिटर सगळं धरून किट 40 लाखाला पडलं आणि तेच किट दिवसाला 12 हजार भाड्याने मिळतंय, तर 333 दिवसांनी पैसे वसूल, म्हणजे वर्षाला 60 दिवस काम असेल तर साडेपाच वर्षं, आणि यात इन्शुरन्स, हप्त्याचं व्याज, सर्व्हिसिंग धरलेलंच नाहीये. आकडे तुमच्या गावातले टाका. अंधेरीत रेंटलचा कॅमेरा घेतला की सोबत अटेंडंट येतो, सेटवर बॉडी बंद पडली तर दुसरी मागवता येते, स्वतःची असली की धावपळ आपलीच.

"स्वतःचा कॅमेरा असला की कामं येतात" हे अर्धंच खरं आहे. कामं येतात पण प्रोड्युसर म्हणतो कॅमेरा तुझाच आहे ना, मग पॅकेजमधेच धर की. झालं, भाडं गेलं.

आता खर्चाची मेख. आम्ही दोघांनी भागीदारीत पहिली बॉडी घेतली तेव्हा सगळा पैसा बॉडीतच घातला आणि पहिल्याच शूटला कार्डं, बॅटऱ्या, लेन्स सगळं भाड्याने आणलं, लाज वाटली राव. मिनीला सीफास्ट 2.0 कार्डं लागतात, 35 ला कोडेक्सच्या ड्राइव्ह. आणि घरात 14.4 व्होल्टच्या व्ही-माउंट बॅटऱ्या असतील तर 35 त्यांच्यावर थेट चालत नाही, 24 व्होल्टच्या बी-माउंट घ्या. वर 35 ने ओपन गेट (पूर्ण सेन्सर वापरून) अॅरिरॉ (अॅरीचं कच्चं फुटेज) शूट केलं तर तासाला साधारण 2 टीबी डेटा होतो, आणि बॅकअपच्या दोन कॉप्या तरी लागतातच, म्हणजे हार्ड डिस्कचं बजेट वेगळं.

काम कुठलं करता तेही बघा. मिनी जास्तीत जास्त 3.4के (आडवे साधारण 3400 पिक्सेल) रेकॉर्ड करते, तिचं यूएचडी (टीव्हीचं 4के) 3.2के वरून मोठं केलेलं असतं, त्यामुळे खरं 4के मागणाऱ्या ओटीटीवाल्यांकडे ती मुख्य कॅमेरा म्हणून अडते. जाहिराती, म्युझिक व्हिडिओ, मराठी सिनेमा करत असाल तर तिच्या स्किन टोनला आजही तोड नाही (हे माझं मत, रेड कंपनीचे कॅमेरे वापरणारे भांडतील). लग्नं आणि कॉर्पोरेट असेल तर सोनीची एफएक्स3 घ्या आणि शांत झोपा.

तरीही घ्यायचीच असेल तर आधी तीच बॉडी एक दिवस भाड्याने मागा, विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. खिडकीसमोर माणूस बसवा, मुद्दाम अंडर एक्स्पोज करा, फुटेज कलरिस्टकडे (रंग जुळवणाऱ्याकडे) न्या. लेन्सची कॅप लावून जास्त आयएसओवर मिनिटभर रेकॉर्ड करा, मोठ्या स्क्रीनवर अडकलेले पिक्सेल दिसतात का बघा. पीएल माउंटची सिनेमा लेन्स लावून टेपने मोजलेलं अंतर आणि लेन्सवरचा आकडा जुळतोय का तपासा, नाही जुळला तर माउंट (लेन्स बसते ती कडी) किंवा लेन्स हललेली असू शकते. आणि मिनीच्या मेनूत लायसन्स उघडून बघाच, अॅरिरॉ नि 4:3 चं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागायचं, ते त्या बॉडीवर नसेल तर तेवढे पैसे भावातून कमी करून मागा.