मतदारसंघाचा निवडणूक इतिहास लिहिताय? या चुका टाळा

लोकसभा निवडणूक जवळ आली की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपले आजवरचे खासदार' अशी यादी फिरायला लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गची यादी असेल तर डोळे झाकून पुढे पाठवू नका. नाथ पै, मधु दंडवते, अनंत गीते, सुरेश प्रभू, राणे, राऊत असे सगळे एकाच रांगेत उभे केलेले असतात. नावे खरी, रांग चुकीची.

नाव धरून मागे जाऊ नका, गाव धरून जा

रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नावाने पहिली निवडणूक झाली ती २००९ मध्ये. २००८ च्या पुनर्रचनेआधी इथे दोन मतदारसंघ होते: उत्तरेला रत्नागिरी आणि दक्षिणेला राजापूर. नव्या मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ आले. दापोली आणि गुहागर मात्र रायगडला जोडले गेले.

गीतेंची गल्लत इथेच होते. १९९६ ते २००४ अशा चार निवडणुका ते रत्नागिरीतून जिंकले आणि २००९ ला बॅ. अंतुले यांना हरवून निवडून आले ते रायगडमधून. म्हणजे गुहागरच्या मतदाराचा खासदार बदलला नाही, मतदारसंघाचे नाव बदलले. चिपळूणकरांचे उलट झाले: नावात रत्नागिरी राहिले, खासदार बदलला. मालवण आधी राजापूर मतदारसंघात होते, त्यामुळे मालवणकरांच्या दृष्टीने तर गीते कधीच त्यांचे खासदार नव्हते.

म्हणून यादी करताना एक गाव पक्के करा आणि तिथला माणूस कोणत्या निवडणुकीत कोणाला निवडून देत आला ते बघा. मालवण घेतले तर: १९५७, १९६२, १९६७ नाथ पै, १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा दंडवते, १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत, १९९६, १९९८, १९९९, २००४ शिवसेनेचे सुरेश प्रभू, २००९ ला काँग्रेसचे नीलेश राणे, २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत, २०२४ ला भाजपचे नारायण राणे. सतरा निवडणुका, त्यात काँग्रेस फक्त दोनदा.

अशी यादी समोर आली की 'हा तर पहिल्यापासून शिवसेनेचा बालेकिल्ला' हे वाक्य आपोआप गळून पडते. १९५७ ते १९९१ ही चौतीस वर्षे इथे नाथ पै आणि दंडवते या समाजवाद्यांची होती. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या, तरी राजापूर दंडवत्यांकडेच राहिले. माझ्या मते या मतदारसंघाच्या इतिहासातली सगळ्यात लिहिण्यासारखी निवडणूक हीच, आणि नेमकी तीच एका ओळीत उरकली जाते.

पक्षाचा रकाना जुळत नसेल तर

१९७७ च्या अधिकृत आकडेवारीत दंडवत्यांसमोर भारतीय लोकदल दिसेल. छपाईची चूक समजून ते खोडू नका आणि 'दंडवते लोकदलात गेले' असेही लिहू नका. जनता पक्षाने ती निवडणूक लोकदलाच्या चिन्हावर लढवली, म्हणून नोंद तशी आहे. १९५७ चा निकाल महाराष्ट्रात सापडत नसेल तर मुंबई राज्यात शोधा. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. सिंधुदुर्ग जिल्हा तर १९८१ चा, त्यामुळे जुन्या कागदांत सगळीकडे रत्नागिरी जिल्हाच भेटतो.

२०२४ ची गोष्ट आणखी ताजी. राऊत २०१९ ला धनुष्यबाणावर जिंकले होते, २०२४ ला मशालीवर लढले आणि समोर कमळ होते. रकान्यात नुसते 'शिवसेना' लिहिलेत तर दहा वर्षांनी वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

नाथ पै यांचे निधन १८ जानेवारी १९७१ ला झाले आणि त्याच वर्षी दंडवते निवडून आले, म्हणून ती पोटनिवडणूक असावी असे वाटते. ती नव्हती. लोकसभा डिसेंबर १९७० मध्येच विसर्जित झाली होती.

रेल्वेमंत्र्यांची सरमिसळ

या भागाने दोन रेल्वेमंत्री दिले असे म्हणतात. माणसे म्हणून ते खरे, पण खासदार म्हणून नाही. १९७७ ला दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा राजापूरचे खासदार होते. प्रभू २०१४ ला रेल्वेमंत्री झाले ते भाजपचे म्हणून, आणि राज्यसभेत गेले ते हरियाणातून. राजापूरशी त्यांचा खासदार म्हणून संबंध २००९ लाच संपला होता. 'कोकण रेल्वे आणली म्हणून दंडवते निवडून येत राहिले' हेही तारखांपुढे टिकत नाही. कोकण रेल्वे महामंडळ १९९० चे, पूर्ण मार्गावर गाडी धावली १९९८ ला, आणि दंडवते हरले १९९१ ला!

नुसते मताधिक्य लिहू नका

२००९ ला नीलेश राणे ४६,७५० मतांनी जिंकले आणि २०२४ ला नारायण राणे ४७,८५८ मतांनी. वाचणाऱ्याला वाटेल, लढत तेवढीच. आता मते बघा. २००९ ला ३,५३,९१५ विरुद्ध ३,०७,१६५. २०२४ ला ४,४८,५१४ विरुद्ध ४,००,६५६. पहिल्या दोघांच्या एकूण मतांशी ताडून पाहिले तर २००९ चे अंतर सुमारे ७.१ टक्के आणि २०२४ चे ५.६ टक्के. मताधिक्य हजाराने वाढले, पण लढत जास्त चुरशीची झाली. मधल्या दोन निवडणुकांत राऊतांचे मताधिक्य १,५०,०५१ आणि १,७८,३२२ होते. हे चारही आकडे टक्केवारीसकट शेजारी ठेवा.

आणि एक, 'राजापूर' असे शोधले की आता विधानसभेचे निकाल समोर येतात. १९९९ ला तर लोकसभा आणि विधानसभा एकदमच झाल्या होत्या. तिथून आकडा उचलण्याआधी पानाच्या डोक्यावर लोकसभा लिहिले आहे ना, ते बघून घ्या.