जुन्या एमजीबीची इंजिन-गिअरबॉक्स फाउंडेशनं बदलताय? या चुका टाळा

ॲक्सिलरेटर सोडला की गिअरचा दांडा आपोआप मागेपुढे होतोय, क्लच सोडताना खालून 'ठण्ण' वाजतंय, सिग्नलला उभं राहिलं की आरसा एवढा थरथरतो की मागची गाडी एक आहे का दोन तेच कळत नाही... मग बहुतेक फाउंडेशनं गेलीत. फाउंडेशन म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यावर टेकतात ती पत्रा चिकटवलेली रबरं. कागदावर त्याला माउंट म्हणा नाहीतर बुश म्हणा, मी कोल्हापूरच्या गॅरेजात पाने उचलत शिकलो, तिथे फाउंडेशनच म्हणतात, मी पण तेच म्हणणार. आता राहतो इंग्लंडात आणि गाडी १९७२ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंग्लंडातल्याच ॲबिंग्डनच्या कारखान्यातली.

रबर स्वस्त असतं, चार बोल्ट खोलून बसवायचं असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो, कारण घोळ रबरात कमी आणि आजूबाजूला जास्त होतो.

पहिलं म्हणजे न बघता पार्ट मागवू नका. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट (अडसर) लावा, भरवशाचं कुणीतरी आत बसवा आणि पहिल्या गिअरात क्लच अगदी पकडेपर्यंतच सोडायला सांगा (तुम्ही बाजूला उभे, गाडीसमोर चुकूनही नाही). इंजिन थोडं डुललं तर ठीक, पण एक बाजू सरळ वरच उठली तर रबर फाटलंय. गाडी पुढे नेणाऱ्या गिअरात डावी बाजू उचलली जाते, आणि एमजीबीत एक्झॉस्ट अन् टॅपेट कव्हर (इंजिनाच्या बाजूचं झाकण) दोन्ही त्याच बाजूला, म्हणजे उष्णता पण तिकडेच आणि ऑइलची गळती पण तिकडेच. ऑइल लागलं की रबर फुगून मऊ पडतं, म्हणून गळती तशीच ठेवून नवीन रबर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि हे हलक्यात घेऊ नका हां, तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सला १९७१ मध्ये सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, फाउंडेशन तुटून इंजिन वर उचललं जायचं आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) आपोआप ओढला जायचा म्हणून. उपाय काय केला, तर इंजिन उठू नये म्हणून बांधून ठेवणारी केबल!

एकच बाजू बदलायचा मोह होतो, नको. जुनं रबर दबलेलं असतं, नवीन उंच, इंजिन तिरकं बसतं. तसंच 'ओरिजिनल जुना स्टॉक' म्हणून तीस वर्षं कपाटात पडलेलं रबर घेऊ नका, ते बसवायच्या आधीच कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघा, रबर आणि पत्रा जिथे चिकटवलाय तिथे फट दिसते का तेही बघा.

जॅक थेट ऑइल चेंबरच्या तळाला लावणारे पण बरेच. तो पत्रा आहे, आत जातो, आणि ऑइल ओढणारी जाळी तळाच्या अगदी जवळ असते. मध्ये जाड रुंद फळी घाला, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, आणि इंजिन अर्धा इंच उचललं की थांबून बघा: फॅन रेडिएटरला लागतोय का, केबल ताणली का, पाइप ओढला गेला का. मग पुढचा अर्धा इंच. पाने इंची घ्या बरं का, अर्धा इंच डोक्याच्या बोल्टला १३ मिलिमीटरची गोटी बसते खरी पण ढिली, आणि पन्नास वर्षांच्या गंजलेल्या बोल्टचं डोकं एका झटक्यात गोल होतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. एक बोल्ट बसला की लगेच आवळायचा, मग दुसऱ्याचं भोक जुळत नाही, मग पहारीने इंजिन ढकलायचं आणि कसंबसं घुसवायचं. रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, कंप जात नाही आणि वर्षाच्या आत परत फाटतं. सगळे बोल्ट आधी हाताने धरवा, आटे पकडले की बस्स. खालच्या पत्र्या आणि वायसर जिथल्या तिथे (काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा). जॅक काढा, वजन खाली येऊ दे, इंजिन हाताने हलवा, दोन मिनिटं स्लो चालू ठेवा, बंद करा, मगच आवळा.

पॉलीयुरेथेनच्या (रबरापेक्षा कडक) फाउंडेशनांचं म्हणाल तर रेस करत नसाल तर नको, सगळा कंप बॉडीत येतो. आणि इंजिनला मऊ रबर, गिअरबॉक्सला कडक, अशी खिचडी तर अजिबात करू नका, सगळा पीळ गिअरबॉक्सच्या केसिंगवर येतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. सगळं मस्त जमलं, सेल्फ मारला तर इंजिन अर्धा फेरा फिरून बसलं. परत मारला, तेच. सीटमागच्या दोन्ही बॅटऱ्या चार्ज केल्या, कनेक्शनं घासली. तिसऱ्यांदा मारला आणि चोकच्या केबलवरून बारीक धूर, हात लावला तर चटकाच. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी परत लावायचीच विसरलो होतो! इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून वेगळं, मग सेल्फचा सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या केबलमधून परत जात होता. ती पट्टी मला फरशीवर, घोडीच्या पायामागे सापडली. दोन्ही टोकं सँडपेपरने चकचकीत करून लावली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू.

एवढं करूनही थरथर राहिली तर परत फाउंडेशन खोलायच्या आधी खाली वाकून सायलेन्सरचा पाइप बघा. इंजिन नवीन रबरावर उंच बसलं की पाइप पण हलतो आणि फ्लोअरला टेकतो. माझा टेकत होता, क्लॅम्प ढिला करून बोटभर फिरवला, झालं.