सातपुड्यातील झऱ्याची नोंद कशी ठेवावी

तोरणमाळ किंवा धडगाव परिसरातील अनेक झऱ्यांचे पाणी बेसाल्टच्या भेगाळ थरातून झिरपून खालच्या घट्ट थरापाशी बाहेर पडते; म्हणून डोंगरमाथ्यावरील बदल झऱ्यात लवकर उमटतो. माप घेताना सगळी धार एका पन्हळीतून १० लिटरच्या बादलीत सोडावी, ती भरण्यास लागणारे सेकंद तीनदा मोजून सरासरी काढावी आणि १० ला त्या सरासरीने भागावे. ४० सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला पाव लिटर. मोजणी दर पंधरवड्याला, त्याच जागी करावी. जवळ पर्जन्यमापक हवाच, कारण पावसाच्या आकड्यांशिवाय धार का घटली हे उलगडत नाही. चैत्र-वैशाखातील नोंद, जी माझ्या मते सर्वांत मोलाची, कधीही चुकवू नये आणि झरा पूर्ण आटला तरी वहीत त्या तारखेसमोर ‘शून्य’ लिहावेच.