ब्लॉंड एल, हॉप्स पुढे ठेवून: ब्रू-डेच्या आधीची तयारी

घरी ब्लॉंड एल, म्हणजे फिकट सोनेरी, हलकी बिअर, बनवायची तर खरेदीला निघण्याआधी कागदावर आकडे लिहून घ्या, कारण सगळी यादी त्यांवरूनच ठरते. उकळून झाल्यावर भांड्यात २२ लिटर वॉर्ट (अजून न आंबलेलं गोड पाणी), गाळ मागे ठेवून फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, २० लिटर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर किती ते दाखवणारी) १.०४६, शेवटची १.००९ च्या आसपास, म्हणजे अल्कोहोल पावणेपाच-पाच टक्के. कडवटपणा २७ आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक). ब्लॉंड एलसाठी ही जवळजवळ वरची मर्यादा आहे. आणखी वाढवलात तर हाती येते ती फिकट रंगाची पेल एल, म्हणजे जास्त कडू प्रकारची बिअर. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) पुढे आणायचे ते वासात आणि चवीत, जिभेवर रेंगाळणाऱ्या कडूपणात नाही. एवढं पक्कं धरलं की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

मॉल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) यादी छोटीच हवी: पेल मॉल्ट ४ किलो, व्हीट (गव्हाचं) मॉल्ट ४०० ग्रॅम आणि २० ते २५ ईबीसीचं (रंगाचं एकक) सर्वांत फिकट क्रिस्टल मॉल्ट ३०० ग्रॅम. व्हीट फेस टिकवण्यासाठी, क्रिस्टल थोड्या गोडव्यासाठी. क्रिस्टल अर्ध्या किलोवर नेलं तर कॅरॅमलची चव हॉप्सचा लिंबूवर्गीय वास झाकून टाकते आणि बाटलीत महिनाभरात ती शिळकट लागायला लागते, म्हणून इथे हात आखडताच ठेवा. मॅश म्हणजे भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजवून साखर उतरवणं; वरचा हिशोब त्याची एफिशियन्सी, म्हणजे मॉल्टमधल्या साखरेपैकी उतरणारा वाटा, ७२ टक्के धरून केला आहे. तुमच्या भांड्यांवर ती ६५ च्या आसपास येत असेल तर पेल मॉल्ट अर्धा किलो वाढवा. पेलऐवजी पिल्सनर मॉल्ट घेतलंत तर उकळी ९० मिनिटांची धरा, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहू शकतो. त्या जादा अर्ध्या तासासाठी पाणीही दोन लिटर जास्त लागेल.

मॉल्टची भरड तपासायची ती मूठभर तळहातावर घेऊन. सालं बऱ्यापैकी अखंड, आतला दाणा तीन-चार तुकड्यांत फुटलेला आणि थोडं पीठ, असं दिसलं पाहिजे. अखंड दाणे दिसले तर तेवढी साखर पाण्यात उतरणारच नाही. मग ग्रॅव्हिटी कमी आली की लोक मॅशच्या तापमानाला दोष देत बसतात. धान्य कापडी पिशवीत घालून मॅश करणार असाल तर भरड थोडी बारीक चालते.

पाण्याचा हिशोब असा: शेवटी २२ लिटर हवेत, तासाभराच्या उकळीत साडेतीन लिटर वाफेत जातील आणि धान्य पावणेचार लिटरच्या आसपास शोषून घेईल. म्हणजे एकूण २९ लिटर घ्या आणि एखादा लिटर वेगळा उकळून हाताशी ठेवा. पिशवीच्या पद्धतीत हे सगळं पाणी आणि धान्य एकाच भांड्यात मावायला हवं, त्याला ३२-३३ लिटर जागा लागते. म्हणून भांडं ४० लिटरचं. तुमच्या गॅसवर वाफ किती जाते ते माहीत नसेल तर आदल्या आठवड्यात नुसतं पाणी तासभर उकळून मोजून घ्या.

आरओचं पाणी असेल तर २९ लिटरला ५ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. त्यातून कॅल्शियम ७० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) जवळ, सल्फेट ९५ च्या आणि क्लोराइड ५० च्या आसपास येतं. सल्फेट क्लोराइडच्या दुप्पट असलं की हॉप्स टोकदार लागतात आणि शेवट कोरडा होतो. ही चिमटीने टाकायची गोष्ट नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा यादीत असू द्या. नळाचं पाणी वापरणार असाल तर त्यातलं क्लोरीन आणि क्लोरामाइन घालवायला पाव ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं. ते राहिलं तर बिअरला औषधी पट्टीसारखा वास येतो आणि इतक्या हलक्या बिअरमध्ये तो लपवायला काहीच नसतं. मॅशचा पीएच ५.२ ते ५.४ हवा. फिकट मॉल्ट आणि आरओचं पाणी मिळून तो थोडा वर राहतो, म्हणून ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड २ मिली टाका, नमुना खोलीच्या तापमानाला गार करून मोजा आणि लागलं तरच आणखी थोडं.

मॅश ६६ अंश सेल्सिअसला, ६० मिनिटं. धान्य २५ अंशांना असेल तर पाणी ६९ अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करा आणि मगच धान्य ओता, गुठळ्या मोडत. ६९-७० ला मॅश राहिला तर न आंबणारी साखर वाढते आणि बिअर जड लागते. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो ना, हे आधीच पाहून ठेवा. पिशवी काढल्यावर २५.५ लिटर आणि १.०४० मिळायला हवं. हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेला असेल तर गरम वॉर्टमध्ये त्याचा आकडा खोटा येतो, नमुना गार करूनच वाचा.

आता हॉप्सचे तीन प्रकार. मॅग्नम १० ग्रॅम, कॅस्केड ४० ग्रॅम, सिट्रा ७० ग्रॅम, सगळे पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या. मॅग्नम १२ टक्के अल्फा ॲसिडचं (हॉप्समधला कडवटपणा देणारा घटक) धरलं आहे. पाकिटावर वेगळा आकडा असेल तर १२० ला त्या आकड्याने भागा, तेवढे ग्रॅम. उकळीला ६० मिनिटं बाकी असताना मॅग्नम, त्यातून १३ आयबीयू येतात. शेवटची १० मिनिटं उरली की कॅस्केड २० ग्रॅम. चिलर (वॉर्ट गार करायची धातूची नळी) आणि गाळ खाली बसवणाऱ्या व्हर्लफ्लॉकची अर्धी गोळी मात्र त्याआधी, १५ मिनिटं असतानाच भांड्यात गेली पाहिजे. मग गॅस बंद, चिलरने ८० अंशांपर्यंत खाली आणा, पाणी थांबवा आणि ४० ग्रॅम सिट्रा टाकून अधूनमधून ढवळत २० मिनिटं ठेवा. या पाककृतीचा जीव याच पायरीत आहे. ८० अंशांना अल्फा ॲसिडचं कडवटपणात रूपांतर मंदावतं आणि सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जात नाहीत. तेच ४० ग्रॅम ९८ अंशांना पडले तर आयबीयूचा आकडा कागदावरच राहतो आणि ग्लासात पेल एल येते.

पाकीट उघडल्यावर पेलेट हिरवं दिसलं पाहिजे आणि बोटांत चुरडल्यावर संत्र्याच्या सालीसारखा ओला वास आला पाहिजे. तपकिरी झालेलं, चीजसारखा वास येणारं पाकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. उरलेले हॉप्स हवा काढून फ्रीझरमध्ये. ड्राय हॉपिंगचे, म्हणजे आंबल्यावर फर्मेंटरमध्ये टाकायचे, ५० ग्रॅम (सिट्रा ३०, कॅस्केड २०) आजच वेगळे बांधून नाव लिहून ठेवा, म्हणजे उकळीच्या गडबडीत ते भांड्यात जाणार नाहीत.

यीस्टसाठी सॅफेल यूएस-०५ चं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट पुरेसं आहे, मुदत मात्र बघून घ्या. वॉर्ट १८ अंशांपर्यंत गार झाल्यावर वरून भुरभुरवा. पहिले तीन दिवस १८ अंश, मग २० पर्यंत सोडा. हे आकडे बिअरचे आहेत, खोलीचे नाहीत: आंबण जोरात असताना फर्मेंटर खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम असतो, त्यामुळे तापमानाचा सेन्सर फर्मेंटरच्याच भिंतीला चिकटवून वरून स्पंजचा तुकडा बांधा. थंड बाजूला, म्हणजे उकळीनंतर, लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे फर्मेंटर, झाकण, एअरलॉक, नळी, कात्री आणि यीस्टचं पाकीटसुद्धा, आधी धुऊन मग न विसळायच्या सॅनिटायझरमध्ये बुडवून घ्या. मळ असलेल्या भांड्यावर सॅनिटायझर काम करत नाही.

ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली स्थिरावली की ड्राय हॉप्स, तीन दिवसांसाठी. इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे ऑक्सिजन. झाकण उघडं ठेवून ढवळलंत तर आठवड्याभरात सुगंध ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो आणि सोनेरी रंग मळकट दिसायला लागतो. झाकण क्षणभरच उघडा आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर वरची जागा त्याने भरून घ्या. दुसरी, हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली साखर मोडतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. त्यातून लोण्यासारखा वास येतो, आणि तशीच बाटली भरली तर ती फुटूही शकते. म्हणून ड्राय हॉपनंतर ग्रॅव्हिटी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा हलला नाही, तरी एक नमुना झाकून ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, गार करा आणि साध्या नमुन्याशेजारी हुंगा. लोण्याचा वास आला तर २० अंशांवर आणखी दोन दिवस थांबायचं.

बाटल्या तपकिरी काचेच्या आणि दाब सोसणाऱ्याच घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून प्रकाश शिरला की हॉप्सना उग्र दुर्गंधी येते. हातात १९ लिटर बिअर येईल असं धरून १२० ग्रॅम साधी साखर थोड्या पाण्यात उकळून घ्या, त्यातून २.५ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट) गॅस होतो. नळी तळापर्यंत नेऊन फेस न करता भरा, टोपणं लगेच लावा. दोन आठवडे २० अंशांना ठेवून गॅस धरला की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा आणि सहा आठवड्यांच्या आत संपवा.