नाचणीचे माल्ट, कोकम आणि ठाण्याचा उन्हाळा

बियर म्हटली की बार्ली आणि हॉप्स आठवतात. परंतु धान्याला मोड आणून त्यातील स्टार्चची साखर करणे हे जे तिचे मूळ तंत्र, ते आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा असल्यामुळे येथे दिलेल्या नाचणी-कोकमाच्या फेसाळ पेयाच्या कृतीत आंबवणे केवळ फेस येण्यापुरतेच ठेवले आहे.

प्रथम आल्याचे विरजण लावावे. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे सालासकट किसलेले आले व दोन चमचे साखर घालून बरणीला फडके बांधावे आणि रोज तेवढेच आले व साखर घालून ढवळावे. साखर आंबवणारे सूक्ष्मजीव, म्हणजे यीस्ट, आल्याच्या सालीवर असते, म्हणून साल काढू नये. एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुडबुडे दिसू लागतात. बुरशी दिसल्यास सर्व फेकून द्यावे.

नाचणी बारा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात वाळवून दळावी. मात्र भाजू नये. बाळासाठी करतात ते भाजलेले सत्त्व येथे निरुपयोगी ठरते, कारण स्टार्च तोडणारे एन्झाइम भाजताना नष्ट होते.

आता मुख्य भाग. एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम साधे नाचणीचे पीठ शिजवून घट्ट पेज करावी. दुसऱ्या भांड्यात एक लिटर साध्या पाण्यात ६० ग्रॅम मोडाचे पीठ कालवून ते उकळत्या पेजेत ओतावे. शंभर अंशांची पेज आणि तीस अंशांचे पाणी समप्रमाणात मिसळल्यावर मिश्रण सुमारे ६५ अंशांवर येते आणि एन्झाइमला तेवढीच उष्णता हवी असते, त्यामुळे थर्मामीटर नसला तरी अडत नाही. भांडे गोधडीत गुंडाळून तासभर ठेवले की घट्ट पेज पातळ व गोडसर होते. हा बदल मला अजूनही जादूसारखा वाटतो.

गाळून घेतलेले पाणी गवती चहाची पाती व सहा-सात बिनमिठाची कोकमे घालून दहा मिनिटे उकळावे. कोकम आधी घालू नये, कारण आंबटपणामुळे एन्झाइमचे काम मंदावते. भांडेही अॅल्युमिनियमचे नव्हे, स्टीलचे घ्यावे. जांभळी नाक्याच्या बाजारात कोकम घेताना बिनमिठाचे आहे ना, हे चाखूनच ठरवावे. आगळात, म्हणजे कोकमाच्या तयार रसात, मीठ असते, म्हणून ते टाळावे.

मिश्रण पूर्ण गार झाल्यावर गाळून त्यात १०० मिलिलिटर विरजण ढवळावे आणि सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत वर चार बोटे जागा सोडून भरावे. काचेची बाटली वापरू नये. थंड हवामानाच्या देशांतील कृतींत दिलेले दिवस प्रमाण मानून मी एकदा काचेच्या बाटल्या तीन दिवस ओट्यावर ठेवल्या होत्या. त्यांतील एक फुटली आणि कोकमाचे डाग छतापर्यंत गेले. आपल्या उन्हाळ्यात हिशेब तासांचा ठेवावा: आठ तासांनंतर बाटली वारंवार दाबून पाहावी आणि ती दगडासारखी कडक लागताच फ्रिजमध्ये ठेवावी. यीस्ट जितका वेळ चालू राहील तितका अल्कोहोल वाढतो. अल्प प्रमाणात तो असतोच, म्हणून लहान मुलांना किंवा मद्य पूर्ण वर्ज्य असलेल्यांना हे पेय देऊ नये. बाटली सिंकवर धरून हळूहळू उघडावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.